डबा तोच, भाव वेगळा

प्रशियाच्या रेल्वेने १८५०च्या दशकात चौथा वर्ग सुरू केला, तेव्हा त्या डब्यात बाकं जवळजवळ नव्हतीच. लोक उभ्यानेच जात. बाजाराला निघालेल्या बायकांच्या टोपल्या, मजुरांची अवजारं, गाठोडी आणि या सगळ्यांतून वाट काढत येणारा तपासनीस, असा तो डबा असे. तिसऱ्या वर्गात लाकडी बाक मिळे, दुसऱ्यात गादी मिळे आणि पहिल्यात कोण बसलंय हे पाहायला फलाटावरची पोरं काचेला नाक लावत. खिडकीवर तिकीट मागितलं की त्या माणसाची समाजातली पायरी आपोआप जाहीर व्हायची.

चौथा वर्ग १९२८मध्ये बंद झाला. तिसरा गेला तो ३ जून १९५६ रोजी, आणि नुसता जर्मनीत नव्हे, तर पश्चिम युरोपातल्या बहुतेक देशांत एकाच वेळी. जुना पहिला आणि जुना दुसरा मिळून नवा पहिला वर्ग झाला. जुन्या तिसऱ्याला दुसरा म्हणायचं ठरलं. आदल्या दिवशी तिसऱ्या वर्गाने गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसून दुसऱ्या वर्गाचा प्रवासी झाला. बाकावर गादी यायला मात्र अनेक ठिकाणी वेळ लागला.

तेव्हापासून जर्मन रेल्वेत वर्ग दोनच. जनरल, स्लीपर, थ्री टायर, टू टायर, चेअर कार ही उतरंड ज्याला तोंडपाठ आहे, त्या भारतीय प्रवाशाला हे फारच सुटसुटीत वाटतं. मग तो तिकीट काढायला बसतो आणि चक्रावतो. कारण एकाच गाडीत, दुसऱ्याच वर्गात, एका रांगेत बसलेल्या चौघांनी चार वेगळे भाव दिलेले असतात आणि त्यांतला सगळ्यात महागडा भाव सगळ्यात स्वस्ताच्या आठ-दहा पटही असू शकतो. पूर्वीची रेल्वे बाक विकत होती. आताची रेल्वे मोकळीक विकते. आयत्या वेळी बेत बदलायची मुभा किती हवी, यावर भाव ठरतो. बूड कशावर टेकणार हा हिशेब त्या मानाने किरकोळ.

पहिल्या वर्गाची गोष्ट त्यामुळे लवकर आटोपता येते. डब्याच्या खिडक्यांवर पिवळा पट्टा दिसला की तो पहिला वर्ग. आत एका रांगेत चारऐवजी तीन खुर्च्या, पाय पसरायला थोडी जास्त जागा, लांब पल्ल्याच्या गाडीत खाणंपिणं जागेवर आणून द्यायची सोय. फ्लेक्सचं, म्हणजे पूर्ण भावाचं तिकीट असेल तर मोठ्या स्थानकांतल्या विश्रांतिकक्षातही प्रवेश. एवढंच. प्रादेशिक गाडीत तर पहिला वर्ग म्हणजे काचेच्या दारामागच्या मोजक्या खुर्च्या. फरक शोधावा लागतो. लवकर काढलेलं पहिल्या वर्गाचं सवलतीचं तिकीट आयत्या वेळच्या दुसऱ्या वर्गाच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडतं, आणि हा प्रकार अपवादात्मक मुळीच नाही. जर्मन डब्याची बांधणी मराठी माणसाला तशी अनोळखीही नाही. डेक्कन क्वीन जून २०२२पासून ज्या एलएचबी डब्यांची धावते, त्या नावातली अक्षरं जर्मनीतल्या झाल्झगिटर इथल्या लिंके-हॉफमान-बुश या कारखान्याची आहेत. १९९५मध्ये भारतीय रेल्वेने त्यांच्याशी करार केला आणि पुढे हे डबे कपूरथळ्यात बनू लागले.

वर्गापेक्षा महत्त्वाची रेघ वेगळीच आहे. एका बाजूला लांब पल्ल्याच्या गाड्या: १९९१मध्ये सुरू झालेली पांढरी, लाल पट्ट्याची आयसीई, तिच्याहून सावकाश जाणारी इंटरसिटी आणि सीमेपलीकडे जाणारी युरोसिटी. दुसऱ्या बाजूला जवळच्या गाड्या: रेगिओनाल-एक्सप्रेस, रेगिओनालबान आणि शहरांतली एस-बान. पहिल्या गटातल्या बहुतेक गाड्या डॉइचे बान, म्हणजे जर्मनीची सरकारी रेल्वे कंपनी, स्वतःच्या हिशेबाने चालवते. दुसऱ्या गटाला राज्यं पैसे पुरवतात, निविदा काढतात आणि त्यामुळे तिथे डॉइचे बानच्या लाल गाड्यांबरोबर इतर कंपन्यांच्या पिवळ्या, निळ्या, हिरव्या गाड्याही धावतात. तिकीट मात्र त्या सगळ्यांत चालतं. कुठलं तिकीट कुठे चालेल हे विचारायच्या आधी गाडी या रेघेच्या अलीकडची की पलीकडची, हे पाहायचं. ते पाहिलं नाही तर दंड ठरलेला.

लांब पल्ल्यासाठी तीन पायऱ्या आहेत. बर्लिन ते म्युनिक धरू. अंतर सहाशे किलोमीटरच्या वर, आणि न्यूरेंबर्ग-एरफुर्ट मार्गाचा शेवटचा तुकडा डिसेंबर २०१७मध्ये खुला झाल्यापासून सगळ्यात वेगवान आयसीई हे अंतर चार तासांच्या आसपास कापते. फ्लेक्सप्राइस घेतलं तर त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीत चढा. नऊची चुकली तर दहाची पकडा, मध्ये लाइपझिगला उतरून जेवा, कोणी विचारत नाही. या मोकळ्या तिकिटाला या मार्गावर दीडशे युरोंच्या वर मोजावे लागतात. त्याखाली श्पारप्राइस, म्हणजे बचतीचा भाव. यात ठरलेल्या गाडीनेच जायचं. बेत फिसकटला तर थोडे पैसे कापून बाकीच्याचं व्हाउचर मिळतं. आणि सगळ्यात खाली झूपर श्पारप्राइस. हे वीस युरोंच्या आत सुरू होतं, पण गाडी ठरलेली आणि तिकीट रद्द करायची सोय नाही. गाडी चुकली की तिकीट म्हणजे कागदाचा कपटा.

गाडीशी बांधून घेण्याच्या या अटीला जर्मन माणूस त्सुगबिंडुंग म्हणतो. आणि ती त्याला मनापासून आवडत नाही, कारण एके काळी असलं काही नव्हतंच. किलोमीटरमागे भाव ठरलेला होता. आज निघा, उद्या निघा, तिकीट तेच.

ही व्यवस्था मोडायला काढली ती १५ डिसेंबर २००२ रोजी. डॉइचे बानचे प्रमुख तेव्हा हार्टमुट मेडोर्न होते. प्रवासी विभाग सांभाळणारे क्रिस्टोफ फ्रान्झ विमान कंपनीतून आले होते आणि विमानासारखेच भाव रेल्वेतही लावायचा घाट त्यांनी घातला. एक दिवस आधी तिकीट काढलं तर १० टक्के सूट, तीन दिवस आधी काढलं तर २५, आठवडाभर आधी काढलं तर ४०. सूट घेतली की गाडी ठरलेली. बेत बदलायचा तर ४५ युरो दंड. कागदावर हे चोख होतं: रिकाम्या गाड्या भरतील, भरलेल्या हलक्या होतील. पण विमानतळावर जाणारा माणूस दिवस ठरवूनच निघतो. स्थानकावर जाणारा बैठक संपली की निघतो, आजीने आग्रह केला तर जेवून निघतो. शिवाय याच फेरबदलात लोकांचं अर्ध्या तिकिटाचं बानकार्ड काढून घेऊन त्याजागी चतुर्थांश सवलतीचं कार्ड हातात ठेवलं गेलं. आणि हेच लोकांना जास्त झोंबलं.

बानकार्ड ही १९९२च्या ऑक्टोबरात आलेली चीज. वर्षाचे पैसे एकदा भरायचे आणि मग प्रत्येक तिकीट निम्म्यात. रेल्वेने नेहमी जाणारा मध्यमवर्गीय जर्मन ते पाकिटात बाळगायचा आणि ते काढून दाखवताना जरा ताठ व्हायचा. ते गेल्यावर ग्राहक संघटना उठल्या, वर्तमानपत्रं तुटून पडली, आणि मुख्य म्हणजे गाडीतले प्रवासी घटले. मे २००३मध्ये फ्रान्झ आणि विपणनप्रमुखांना पायउतार व्हावं लागलं. १ ऑगस्ट २००३ रोजी बानकार्ड ५० परत आलं. फ्रान्झ पुढे लुफ्तान्साचे प्रमुख झाले, म्हणजे ज्या धंद्याचे भाव त्यांनी आणले होते तिथे ते सुखरूप पोचले. गंमत अशी, की लोकांनी हाणून पाडलेली ती कल्पना नंतर हळूहळू, नाव बदलून, तुकड्यातुकड्यांनी आत आलीच. आजची श्पारप्राइसची उतरंड तिचंच सावध भावंड आहे. फरक एवढाच की आता पूर्ण भावाचं मोकळं तिकीट आणि अर्ध्या भावाचं कार्ड या दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या आहेत.

बानकार्ड आज तीन प्रकारचं मिळतं. २५चं कार्ड सगळ्या पायऱ्यांवर चतुर्थांश सूट देतं. ५०चं कार्ड मोकळ्या तिकिटावर निम्मी सूट देतं, पण बचतीच्या तिकिटांवर चतुर्थांशच. म्हणजे जो महिनाभर आधी तिकीट काढतो त्याला महागडं कार्ड घेऊन फायदा काही नाही; ते कार्ड आयत्या वेळी निघणाऱ्याचं. १०० आकड्याचं कार्ड म्हणजे वर्षभर देशभर वाटेल तितका प्रवास. त्याला दुसऱ्या वर्गात वर्षाला जवळपास पाच हजार युरो पडतात. २५ आणि ५०च्या कार्डांना एक खोड समान: मुदतीत रद्द केलं नाही तर वर्ष संपताना आपोआप पुढच्या वर्षाचं बिल येतं. पुण्यामुंबईहून शिकायला गेलेली मुलं पहिल्याच वर्षी जे जर्मन शब्द घोकतात, त्यात ‘क्युंडिगुंग’, म्हणजे करार संपवल्याची नोटीस, हा वरच्या क्रमांकावर असावा.

आरक्षणाचं गणित याहून वेगळं. तिकीट म्हणजे गाडीत चढायचा हक्क, बसायचा नव्हे. जागा राखून हवी असेल तर दुसऱ्या वर्गात साधारण साडेपाच युरो वेगळे मोजायचे. शेजारच्या फ्रान्समध्ये वेगवान गाडीत आरक्षणाशिवाय पाऊल ठेवता येत नाही. जर्मनीत बहुतेक आयसीईत कोणीही तिकीटधारक चढू शकतो. त्यामुळे वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही, आणि शुक्रवारी संध्याकाळी दाराजवळच्या मोकळ्या जागेत बॅगेवर बसलेल्या माणसांची कमीही नाही. प्रत्येक खुर्चीच्या वर किंवा बाजूला बारीक पट्टी असते. तीवर दोन स्थानकांची नावं दिसली की तेवढ्या टप्प्यापुरती जागा कोणाची तरी. पट्टी कोरी दिसली तर बसा. राखलेल्या जागेचा मालक पंधरा मिनिटांत आला नाही तर त्याचा हक्क संपतो, आणि ही पंधरा मिनिटं घड्याळ लावून मोजणारे लोक डब्यात असतात. पट्ट्या बंद पडल्या, किंवा गाडीचे डबे उलट्या क्रमाने लागले, की एकाच खुर्चीसाठी दोन सभ्य माणसं अत्यंत सभ्य भाषेत भांडताना दिसतात. जागा निवडताना शांत डबा मागता येतो, लहान मुलांसाठीचा बंद कप्पा मागता येतो. शांत डब्यात फोनवर बोलणाऱ्याला टीसी काही म्हणायच्या आधी समोरची आजी समज देते.

कुत्र्याचंही सांगायला हवं. टोपलीत मावणारं छोटं जनावर फुकट जातं. त्याहून मोठ्या कुत्र्याला एकट्याने जाणाऱ्या लहान मुलासारखं अर्धं तिकीट लागतं, मात्र त्याच्यासाठी जागा राखून ठेवता येत नाही. तो खुर्चीखाली किंवा वाटेत पसरतो. खरं मूल मात्र सुटतं: सहा वर्षांच्या आतलं पोर विनातिकीट, आणि चौदापर्यंतचं मोठ्यांच्या तिकिटावर नाव घातलं की विनामूल्य. तेव्हा दोन मुलं आणि एक लॅब्रेडॉर घेऊन निघालेल्या कुटुंबात पैसे पडतात ते लॅब्रेडॉरचे.

फलाटावर जायला कोणी अडवत नाही. पूर्वी अडवत. फलाटाच्या तोंडाशी चौकीत बसलेला कर्मचारी तिकिटाला भोक पाडायचा आणि सोडायला आलेल्यांना फलाट तिकीट काढावं लागे. जर्मन माणूस क्रांती करताना स्थानक ताब्यात घ्यायला गेला तर आधी फलाट तिकीट काढेल, ही थट्टा लेनिनच्या नावावर खपवली जाते. पश्चिम जर्मनीच्या रेल्वेने ही चौकी १९६५च्या सुमारास मोडीत काढली. आता सगळी भिस्त गाडीतल्या तपासणीवर. टीसी येतो, फोनवरचा चौकोनी ठिपक्यांचा संकेत वाचून घेतो, कधी ओळखपत्र मागतो, कारण ऑनलाइन तिकिटावर नाव असतं. आरक्षित जागेवर बसलेल्याने ॲपमध्ये ‘बसलो’ अशी नोंद केली तर टीसी त्याला उठवतही नाही. २०२२पासून लांब पल्ल्याच्या गाडीत टीसीकडून तिकीट विकत घेता येत नाही. गाडी सुटल्यापासून दहा मिनिटांच्या आत फोनवर काढलं तर ठीक.

पकडलं गेलं तर ६० युरो, किंवा त्या प्रवासाच्या भाड्याची दुप्पट, यांतलं जे जास्त असेल ते. आपल्याकडच्या ‘विदाऊट’ प्रवाशाइतकाच तिथला विदाऊट प्रवासी कारणं सांगण्यात पटाईत असतो. परंतु तिथे हे प्रकरण दंडावर थांबेलच असं नाही. जर्मन दंडसंहितेच्या २६५अ या कलमानुसार विनातिकीट प्रवास हा गुन्हा आहे. ही तरतूद १९३५मध्ये, नाझी राजवटीत आली. वारंवार पकडलेला माणूस कोर्टाने ठोठावलेला दंड भरू शकला नाही, तर त्याऐवजी तुरुंगात दिवस काढतो. अशा लोकांत बेघर आणि कर्जबाजारी बरेच. २०२१पासून एक नागरी उपक्रम देणग्या गोळा करून त्यांचे दंड भरतो आणि त्यांना बाहेर काढतो. काही शहरांच्या वाहतूक कंपन्यांनी अशा तक्रारी पोलिसांत नोंदवणंच थांबवलं आहे. कलम अजून आहे. श्रीमंत देशाने बसच्या तिकिटापायी माणसाला कोठडीत पोसावं, आणि त्या कोठडीचा खर्च तिकिटाच्या शेकडो पट व्हावा, यातला व्यवहार कोणाला समजावून सांगणं कठीण आहे.

रेघेच्या दुसऱ्या बाजूला, जवळच्या गाड्यांत, सगळाच कारभार निराळा. शहर आणि आसपासच्या गावांची मिळून एक वाहतूक संघटना असते. रेल्वे, ट्राम, बस, काही ठिकाणी बोटसुद्धा एकाच तिकिटात. हॅम्बर्गने १९६५मध्ये अशी पहिली संघटना उभी केली आणि जगभर तिची नक्कल झाली. म्युनिकची १९७२च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने आली. पण अशा संघटना देशभरात डझनांनी, प्रत्येकीचे टप्पे वेगळे, वलयं वेगळी, यंत्रावरची बटणं वेगळी. काही गावांत छापील तिकीट निळ्या किंवा पिवळ्या डबीत घालून त्यावर वेळेचा शिक्का मारावा लागतो. शिक्का नाही तर तिकीट नाही, मग भले ते पाच मिनिटांपूर्वी विकत घेतलेलं असो. परदेशी पाहुणे बऱ्याचदा फसतात ते याच डबीपाशी.

या गोंधळातून सुटका म्हणून एकरकमी तिकिटं निघाली. लेंडरटिकेट हे त्यांतलं लोकप्रिय: एका राज्यात दिवसभर, सगळ्या प्रादेशिक गाड्यांत, पाच जणांपर्यंत. माणूस वाढला की थोडेच पैसे वाढतात. बव्हेरियाचं बायर्न-टिकेट घेतलं की आठवड्याच्या दिवशी सकाळी नऊपासून मध्यरात्रीनंतर तीनपर्यंत फिरा. त्यावर म्युनिकहून फ्युसेनला जाऊन नॉयश्वानश्टाइनचा किल्ला पाहता येतो, आणि सीमा ओलांडून ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गलाही पोचता येतं. म्युनिकच्या फलाटावर सकाळी पावणेनऊला घोळका करून उभे असलेले, घड्याळाकडे बघणारे आणि पाचवा गडी शोधणारे विद्यार्थी हे याच तिकिटाचे.

याचा थोरला भाऊ देशव्यापी होता. १९९५मध्ये डॉइचे बानने ‘सुंदर शनिवार-रविवार’ अशा नावाचं तिकीट काढलं: १५ मार्कांत पाच माणसं, पूर्ण शनिवार-रविवार, देशभरातल्या प्रादेशिक गाड्या. रिकाम्या धावणाऱ्या गाड्यांत चार माणसं दिसावीत एवढीच अपेक्षा होती. गाड्या एवढ्या भरल्या, की त्याच वर्षी भाव दुप्पट करावा लागला. नंतर ते एका दिवसापुरतं झालं, महाग होत गेलं आणि २०१९मध्ये बंद पडलं. तोवर एका पिढीने त्यावर देश पाहून घेतला होता.

२०२२च्या उन्हाळ्यात सरकारने याहून मोठा प्रयोग केला. युक्रेन युद्धाने इंधन महागलं होतं. म्हणून जून, जुलै आणि ऑगस्ट या तीन महिन्यांसाठी महिन्याला ९ युरोंत देशभरची स्थानिक वाहतूक. केंद्राने अडीच अब्ज युरो मोजले. पाच कोटींवर तिकिटं विकली गेली. ते सुरू व्हायच्या आधीच समाजमाध्यमांवर एक विनोद फिरत होता: आता सगळा देश नऊ युरोंत झ्युल्टला जाणार. झ्युल्ट हे उत्तर समुद्रातलं श्रीमंतांचं बेट. तिथे रस्ता जात नाही. १९२७मध्ये बांधलेल्या बांधावरून फक्त रेल्वे जाते, आणि ती प्रादेशिक रेल्वे या तिकिटात बसत होती. विनोद खरा ठरला. रंगीत केसांचे पंक तरुण बेटावरच्या वेस्टरलांड गावाच्या चौकातल्या कारंज्यापाशी मुक्कामाला आले आणि महागड्या दुकानांच्या दारात बिअरचे डबे उघडून बसले. बेटाच्या नगरपालिकेने त्यांना हटवण्यात उन्हाळा घालवला.

प्रयोग संपला, पण लोकांच्या तोंडाला चव लागली होती. १ मे २०२३पासून ४९ युरोंचं डॉइचलांडटिकेट सुरू झालं. महिन्याचं वर्गणी तिकीट, दुसरा वर्ग, देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, मेट्रो, ट्राम, बस. आयसीई आणि इंटरसिटी, अगदी मोजके तुकडे सोडले तर, त्यात नाहीत. जानेवारी २०२५पासून ते ५८ युरो झालं, जानेवारी २०२६पासून ६३. तोटा भरायला केंद्र आणि राज्यं मिळून वर्षाला तीन अब्ज युरो घालतात, आणि त्यात कोणाचा वाटा किती यावरून दर वर्षी जुंपते. सव्वा-दीड कोटी लोक ते बाळगतात. रद्द करायचं तर महिन्याच्या दहा तारखेच्या आत. अकराव्या तारखेला आठवलं तर पुढचा महिनाही आपलाच. या तिकिटावर बर्लिनहून म्युनिकला जाता येतं का? येतं. तीन-चार गाड्या बदलून नऊ-दहा तास लागतात. वेळ भरपूर आणि खिसा रिकामा असलेल्यांचा एक मोठा वर्ग हे करतो.

त्या वर्गात विद्यार्थी आले. जर्मन विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांमध्ये भारतीयांची संख्या आता सर्वाधिक आहे, आणि आखेन, म्युनिक, श्टुटगार्टच्या वसतिगृहांत मराठी कानावर पडणं नवलाचं राहिलेलं नाही. त्यांचं तिकीट शुल्कातच वळतं केलेलं असतं. सेमेस्टर तिकिटाची ही पद्धत १९९१मध्ये डार्मश्टाटला सुरू झाली: सगळ्यांनी थोडे पैसे भरायचे, वापरा किंवा न वापरा. २०२४च्या उन्हाळी सत्रापासून अनेक विद्यापीठांत याला देशव्यापी तिकिटाची जोड मिळाली, भाव मूळ तिकिटाच्या ६० टक्के. म्हणून गणपतीला आखेनहून म्युनिकच्या मित्राकडे जाणारा मुलगा सकाळी सहाला निघून संध्याकाळी पोचतो, आणि परत येताना थकला असेल तर झूपर श्पारप्राइस शोधतो.

रात्रीच्या गाडीबद्दल थोडक्यात. डॉइचे बानने स्वतःच्या शयनगाड्या डिसेंबर २०१६मध्ये बंद केल्या. तोट्यात चालतात म्हणून. ऑस्ट्रियन रेल्वेने त्यातले मार्ग उचलले आणि नाइटजेट नावाने चालवले. आज हॅम्बर्गहून व्हिएन्नाला झोपून जायचं तर ऑस्ट्रियाचं तिकीट काढावं लागतं: नुसती खुर्ची, चार-सहा जणांचे बर्थ, खाजगी खोली, आणि नव्या गाड्यांत एकट्या माणसासाठी दार लावून घेता येईल अशी खणासारखी छोटी कुपी. इथे मात्र जुना हिशेब टिकून आहे. अंग कशावर टाकणार, त्याचेच पैसे.

राहता राहिला उशीर, आणि तो फार काळ बाजूला राहत नाही. डॉइचे बानच्या हिशेबात सहा मिनिटांच्या आत आलेली गाडी वेळेवर धरतात. रद्द झालेली गाडी या टक्केवारीत धरतच नाहीत. एवढी सवलत घेऊनही २०२४मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर आल्या. रूळ, सांधे आणि सिग्नल जुने झालेत, गर्दीच्या मार्गांवर एक गाडी अडली की मागच्या दहा अडतात. जर्मनीहून फार उशिरा येणारी गाडी स्विस लोक बाझलच्या पुढे जाऊ देत नाहीत. प्रवाशांना उतरवून स्वतःच्या वेळेवरच्या गाडीत बसवतात.

हाम नावाचं एक गाव आहे. बर्लिनहून पश्चिमेला येणाऱ्या काही आयसीई तिथे दुभंगतात. एक अर्धं वुपरटालमार्गे कोलोनला जातं, दुसरं डॉर्टमुंड, एसेन, ड्युसेलडॉर्फकडे. एका अर्ध्याच्या डब्यांचे आकडे विशीतले, दुसऱ्याचे तिशीतले, आणि दोन्हींच्या मधून आतून जायला वाट नाही. गाडी वेळेवर असेल तर घोषणा होते, चुकीच्या अर्ध्यातली माणसं बॅगा ओढत फलाटावरून पळतात, जोड सुटतो आणि दोन्ही तोंडं आपापल्या वाटेने निघतात. उशीर असेल तर इथेच गणितं बिघडतात. पुढची जोडगाडी चुकणार हे कळतं आणि डब्यात सगळे फोन एकदम बाहेर येतात. कोणी शिव्या देत असतो. पण झूपर श्पारप्राइसवाले काही चेहरे खुललेले असतात.

कारण नियम असा आहे: मुक्कामी पोचायला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार हे दिसलं, की त्सुगबिंडुंग सुटतं. वीस युरोंच्या तिकिटाला फ्लेक्सची मोकळीक मिळते. दुसरी गाडी घ्या, दुसरा मार्ग घ्या, सायंकाळी निघा. डॉइचे बान जी वस्तू महाग विकते, ती तिच्याच उशिरामुळे फुकट वाटली जाते. अनुभवी प्रवासी यावर डाव लावतात. गैरसोयीच्या वेळेची, आयत्या क्षणाला जोडगाडी असलेली स्वस्त फेरी मुद्दाम निवडतात आणि ती फिसकटली की सोयीच्या थेट गाडीत जाऊन बसतात. ॲपवर अट सुटल्याची ओळ झळकली की तिचा फोटो काढून ठेवायचा, टीसीने विचारलं तर दाखवायला.

भरपाई वेगळी. तासाभराचा उशीर झाला तर तिकिटाच्या २५ टक्के, दोन तासांना ५० टक्के, मात्र वादळबिदळ रेल्वेच्या हाताबाहेरचं कारण असेल तर नाही. रक्कम चार युरोंपेक्षा कमी असेल तर ती देत नाहीत. डॉइचलांडटिकेटवाल्याला तासाच्या उशिरामागे दीड युरो लागू होतो. म्हणून तो पहिला उशीर लिहून ठेवतो, दुसरा लिहून ठेवतो, आणि तिसऱ्यांदा गाडी तासभर रखडली की साडेचार युरोंचा अर्ज भरतो.